कुंकू : लावणारा हात आणि पुसणारा हात

सातपुड्यातील तोरणमाळच्या पठारावर महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते. काही वर्षांपूर्वी आम्ही त्या यात्रेत हिंडत असता थोड्याच अंतरात तीन गोष्टी दृष्टीस पडल्या. नाथपंथी साधूच्या कपाळावरचे भस्म. एका पालात मांडलेल्या कुंकवाच्या राशी आणि टिकल्यांची पाकिटे. आणि त्यापलीकडे गोंदणाचे यंत्र घेऊन बसलेला एक माणूस. त्याच्यापुढे एक पावरा तरुणी हात धरून बसली होती. शेजारी तिची आजी होती. तिच्या कपाळावरचे गोंदण जुने होऊन हिरवट पडले होते. बोलता बोलता कळले की म्हातारीचा नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. गोंदण अर्थातच जागच्या जागी होते.

त्या दृश्याने आम्हांस एका जुन्या प्रश्नाकडे वळवले. कुंकवाचा अर्थ काय? याचे तयार उत्तर असे की भ्रूमध्यात आज्ञाचक्र असते, तेथे कुंकू लावल्याने चित्त एकाग्र होते. शिवाय हळदीवर चुन्याची क्रिया होऊन बनलेले कुंकू आरोग्यास हितकर असते. हळद चुन्याने लाल होते हे खरेच आहे. पण मग आमची शंका साधी आहे. हे लाभ जर कपाळाचे असतील, तर नवरा वारल्याच्या दिवशीच ते नकोसे का होतात? स्त्रीचे आज्ञाचक्र काय नवऱ्याबरोबर सरणावर जाते?

कुंकवाचा अर्थ ते लावण्यात शोधला तर हाती लागत नाही. पुसण्यात शोधला तर लगेच सापडतो. मुलगी कुंकू लहानपणापासून लावतच असते, लग्नाने तिला ते नव्याने मिळत नाही. लग्नाने मिळते ती अट. आपली भाषा याची साक्ष देते. नवरा हा 'कुंकवाचा धनी', लग्न म्हणजे कुणाच्या तरी 'नावाचे कुंकू' लावणे, आणि वैधव्य म्हणजे 'पांढरे कपाळ'. पुरुषही भस्म लावतो, गंध लावतो, वारकरी बुक्का लावतो. त्या खुणांवरून त्याचे दैवत कळते, पंथ कळतो. बायको वारली म्हणून कोणी त्याचे गंध पुसायला येत नाही. पुरुषाचे कपाळ त्याच्या श्रद्धेविषयी बोलते. बाईचे कपाळ दुसऱ्या कुणाच्या आयुष्याविषयी. पत्नी गेलेल्या पुरुषाला एक न्याय आणि पती गेलेल्या स्त्रीला दुसरा का, हे ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना'मध्ये 1882 साली रोखठोक विचारले होते.

उत्तर यायला फार वेळ लागला. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींपुढे त्याचा आदर्श ठेवला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रालयाच्या आवारात एका महिला पत्रकाराला, आधी टिकली लाव, मग बोलतो, असे सुनावले गेले. एके ठिकाणी पुसू नका म्हणावे लागते, दुसऱ्या ठिकाणी लावाच म्हटले जाते. या दोन घटना परस्परविरोधी दिसतात, पण पुसण्याची सक्ती आणि लावण्याची सक्ती या एकाच हाताच्या आहेत, असे आमचे मत आहे.

मग तोरणमाळच्या आजीचे गोंदण म्हणजे स्वातंत्र्य काय? इतके सोपे उत्तर आम्ही देणार नाही. गोंदताना लहान मुलीची संमती कोण विचारतो? ज्या डोंगरात विधवेचा पुनर्विवाह रूढीला मान्य आहे, त्याच डोंगरात एकट्या बाईवर 'डाकीण' असा न दिसणारा शिक्काही मारला जातो. आदिवासी समाजाला आपल्या सोयीचा आदर्श बनवणे हाही एक अन्यायच. परंतु मेल्यावर सोबत येणारा दागिना गोंदणाचाच, ही लोकसमजूत मात्र विचार करण्याजोगी आहे. तो दागिना बाईच्या देहाबरोबर जातो. नवऱ्याच्या देहाबरोबर नाही.

कुंकवाशी आमचे भांडण नाही. आमच्या घरातही करंडा आहे आणि त्याच्या लाल रंगावर आमचे प्रेम आहे. भांडण आहे ते करंड्यावर नवऱ्याचे नाव घालणाऱ्या व्यवहाराशी. साहित्याच्या अध्यापकांना एवढेच सुचवावेसे वाटते की वर्गात एखाद्या दिवशी 'कपाळ' आणि 'कुंकू' यांवरचे वाक्प्रचार फळ्यावर लिहावेत, आणि त्यांपैकी किती पुरुषाला लागू पडतात, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावे.