न दिसणारा चाबूक

ऋत्विक घटक यांचा १९६० सालचा ‘मेघे ढाका तारा’ हा बंगाली चित्रपट नुकताच पुन्हा पाहिला. फाळणीनंतर कलकत्त्यालगतच्या निर्वासित वसाहतीत आलेले एक कुटुंब नीता या मुलीच्या कमाईवर जगते. तिचे लग्न झाल्यास घर कसे चालणार, या धास्तीने आई तिचे सनतशी चाललेले बोलणे ऐकते, तेव्हा चुलीवर शिजणाऱ्या अन्नाचा आवाज वाढत जातो. पुढे सनतकडून दुरावलेली नीता जिना उतरू लागते आणि चाबकाचे फटकारे ऐकू येतात. पडद्यावर चाबूक नाही, मारणाराही नाही.

अर्थशास्त्र शिकविताना ‘कौटुंबिक उत्पन्न’ हा मी एकच आकडा मानीत आलो. तो कोणाच्या देहातून येतो, हे विचारले नाही. घटकांच्या ध्वनीने ते विचारले. या घरात कोणी खलनायक नाही. दारिद्र्यच एकाला दुसऱ्याच्या श्रमावर जगावयास लावते. अखेरीस क्षयग्रस्त नीता जगण्याची इच्छा आक्रोशून सांगते, तेव्हा शिलाँगचे डोंगर तिचा आवाज परत देतात.

समतेची भाषा बोलणाऱ्या आपण आपल्याच घरातील कमावत्या मुलीच्या पाठीवरचा तो फटकारा कधी ऐकला आहे काय?