साडेसहा इंचांचे विमान

‘डॉक्टर, याचा मोबाइल सोडवायचा कसा?’ हा प्रश्न माझ्या दवाखान्यात रोज विचारला जातो. ‘त्याच्या हातांना काम द्या आणि स्वतः शेजारी बसा’ हे माझे ठरलेले उत्तर. हा सल्ला मी माझ्याच घरी पाळला नाही, ही कबुली आरंभीच देतो.

मुलगा सहावीत असताना बोगमाळोच्या नौदल विमानसंग्रहालयात आम्ही ‘सी हॉक’ विमान पाहिले. त्याच विमानाच्या प्रतिकृतीचा, एकास बहात्तर प्रमाणातला संच मी हौसेने आणला आणि ‘सवड मिळाली की जोडू’ म्हणून कपाटावर ठेवला. मुलगा शिकून परदेशी गेला. संच कपाटावरच राहिला. तो उघडला गेल्या पावसाळ्यात.

मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ३९ फूट. माझ्या मेजावर तो साडेसहा इंच. नाकात वजन भरायला विसरलो, तर विमान शेपटीवर बसले. वैमानिकाच्या पारदर्शक छत्रीला झटपट चिकटणारा गोंद लावला, तर त्याच्या वाफेने ती धुरकट झाली. तीस वर्षे चिमुकल्या शिरांत सुया घालणारा माझा हात येथे पुन्हा उमेदवार झाला.

जोडता जोडता विमान समजत जाते. इंजिनाचा झोत शेपटीतून न काढता पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी काढला आहे. त्यामुळे मागच्या भागात इंधनाच्या टाकीला जागा झाली. शेपटीखालचा आकडा जहाजावर उतरताना आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो. ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तेव्हा जहाजाच्या चारपैकी एक बॉयलर तडा गेल्याने निकामी होता आणि वेगावर मर्यादा होती. सर्व काही सुस्थितीत येण्याची वाट त्या माणसांनी पाहिली नाही. मी मात्र एका रिकाम्या रविवारची वाट पाहत वर्षे घालवली.

म्हणून व्यवसायबंधूंना माझे आग्रहाचे सांगणे आहे की छंद निवृत्तीसाठी राखून ठेवू नये. मुले आठ-दहा वर्षांची झाली की असे काम त्यांच्यासमवेत सुरू करावे. खिडकी उघडी असावी, धारदार पाते मोठ्यांच्या हाती असावे आणि घरात तीन वर्षांखालील बाळ असल्यास सुटे भाग त्याच्या हाती लागू देऊ नयेत. आठवड्यातून एक तासही पुरे.

विमानाचे छायाचित्र मुलाला पाठवले. त्याने एवढेच विचारले, ‘बाबा, माझ्यासाठी काही ठेवलंत का?’

शेपटीखालचा आकडा मी अजून चिकटवलेला नाही. दिवाळीला तो येणार आहे. त्या आठवड्यात संध्याकाळचा दवाखाना बंद राहील.