आकाशाची हौस आणि सहा हजार रुपये

आमच्या मराठी विभागातील एका विद्यार्थ्याने एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय निवडला होता तो शेतांच्या नावांचा. आपल्या गावच्या शिवारातील चाळीसएक नावे त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोळा केली होती: चिंचेचं वावर, गावंदर, भुताचा पट्टा, कुऱ्हाडीची पट्टी, सुपाचं वावर. त्याचा तर्क असा, की यांपैकी काही नावे आकारावरून पडली असली पाहिजेत आणि तो आकार बांधावर उभे राहून दिसत नाही, वरून पाहिल्यावरच दिसेल. उपग्रहाचे चित्र त्याने पाहिले होते. पण त्यात शिवाराचा चढउतार सपाट होऊन जातो आणि जुने बांध पिकात बुडून जातात. तेव्हा स्वतःच वरून पाहावे म्हणून त्याने साठवलेले ६,००० रुपये खर्चून एक तयार क्वाडकॉप्टर मागवले. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४के कॅमेरा’ असे छापलेले होते. तिसऱ्या उड्डाणात वारा आला, यान उसाच्या फडावर गेले आणि दिसेनासे झाले.

पुढे ऊस तुटला तेव्हा तोडणी कामगारांना ते सापडले. त्याने ते पिशवीत घालून विभागात आणून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “सर, हे दुरुस्त होईल का?” भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला बोलावून आम्ही ते उघडले. उघडले म्हणजे फोडलेच, कारण ते चिकटवून बंद केले होते. मोटरी ब्रशच्या, काही तास चालल्या की झिजणाऱ्या. नियंत्रणाची चकती एकसंध, तिच्यावर काळ्या लाखेसारखा थेंब. उंची मोजणारे काही नाही, जागा ओळखणारे काही नाही. सुट्या भागाचा क्रमांकही कुठे लिहिलेला नाही. दुरुस्त होण्यासारखे त्यात काही नव्हते.

या प्रसंगानंतर आम्ही, म्हणजे भाषेचे दोघे आणि भौतिकशास्त्राचा एक असे तिघे शिक्षक, आणि तीन विद्यार्थी मिळून वर्षभर या उद्योगात पडलो. कमी पैशांत पहिले क्वाडकॉप्टर कसे घ्यावे, की घेऊच नये आणि बांधावे, याविषयी आमचे जे मत बनले ते येथे मांडत आहोत. कलाशाखेच्या माणसांनी यात पडावे का, असे विचारणारे भेटतातच. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याची कथा, तिला विश्वसनीय समकालीन पुरावा नसतानाही, आपण अभिमानाने सांगतो. सोल्डरिंगची सळई हाती धरायची वेळ आली की मात्र तो आपला प्रांत नसतो!

पहिली गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, ही की ‘ड्रोन हवा’ या वाक्यात दोन वेगळ्या इच्छा मिसळलेल्या असतात. एक छायाचित्राची, दुसरी उड्डाणाची. विक्रेता या दोन्ही एका खोक्यात घालून विकतो आणि खिसा लहान असेल तर दोन्हींपैकी एकही पुरी होत नाही. हवेत एका जागी स्थिर राहून स्वच्छ चित्र काढणाऱ्या यानाला उपग्रहावरून जागा ओळखणारा ग्राहक लागतो, कॅमेरा तोलून धरणारी झुलती बैठक लागते, वाऱ्याला पुरून उरतील अशा मोटरी लागतात. हे ६,००० रुपयांत होत नाही, १५,००० रुपयांतही होत नाही, आणि ज्याला फक्त चित्र हवे आहे त्याला हे कोणीतरी पैसे खर्च होण्याआधी सांगितले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याला ते आम्ही सांगितले नाही, कारण आम्हालाच ते ठाऊक नव्हते. चित्र हवे असेल तर प्रमाणपत्रधारक वैमानिकाला एका दिवसाच्या भाड्याने बोलवावे. तालुक्याच्या गावी लग्नसमारंभांच्या निमित्ताने असे लोक आता असतात. वैमानिकाचे प्रमाणपत्र मात्र आधी पाहून घ्यावे.

उड्डाण हवे असेल तर प्रश्न निराळा, आणि अधिक रोचक.

चार पंख्यांचे यान उडवण्याची कल्पना नवी नाही. १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक शार्ल रिशे (याच रिशेंना पुढे १९१३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले) यांनी चार पंख्यांचे एक अवाढव्य यंत्र जमिनीपासून काही फूट उचलले. पण ते कलंडू नये म्हणून चार माणसे त्याचे चार कोपरे धरून उभी होती. आमच्या दृष्टीने क्वाडकॉप्टरचे सारे मर्म या चार माणसांत आहे. पंखे फिरवणे अवघड नाही. तोल राखणे अवघड. समोरासमोरच्या कर्णावरचे दोन पंखे एका दिशेने आणि उरलेले दोन उलट दिशेने फिरतात, म्हणून यान स्वतःभोवती गरगरत नाही. एक जोडी किंचित मंद आणि दुसरी किंचित जलद केली की ते मान वळवते. मागचे दोन जोरात फिरले की पुढे झुकते आणि पुढे जाते. सुकाणू नाही, शेपूट नाही, फक्त चार वेगांची देवाणघेवाण. ती सेकंदाला हजारो वेळा करावी लागते आणि माणसाच्या हातून होत नाही. त्या चार माणसांचे काम आज नखाएवढ्या चकतीवरचा जायरोस्कोप आणि त्याच्या शेजारचा गणकयंत्राचा ठिपका करतो.

हा जायरोस्कोप स्वस्त झाला तो विमानविद्येमुळे नव्हे, खेळण्यांमुळे आणि भ्रमणध्वनींमुळे. २०१० च्या सुमारास हौशी मंडळींनी निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या खेळयंत्राच्या हातातील दांड्यातून हे संवेदक काढले आणि त्यांच्यावर ‘मल्टीवी’ नावाची आज्ञावली लिहून ती सर्वांसाठी खुली ठेवली. तिच्यातून बेसफ्लाइट, तिच्यातून क्लीनफ्लाइट आणि तिच्यातून आज जगभर वापरली जाणारी बीटाफ्लाइट निघाली. प्रत्येकाने आधीच्याचे लिहिलेले वाचावे, सुधारावे आणि पुढच्यासाठी ठेवावे, अशी ही पाठपरंपरा आहे. हस्तलिखितांची वंशावळ मांडणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल. आमच्या टेबलावरच्या फुटक्या खेळण्याला असा कोणताही पाठ नव्हता. ते वाचताच येत नव्हते. कमी पैशांत पहिले यान बांधावे असे आम्ही म्हणतो त्याचे कारण हेच, की बांधलेले यान वाचता येते, आणि जे वाचता येते ते दुरुस्त करता येते.

याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी भारत सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर, ती तयार असोत वा जोडणीसाठी सुटी करून आणलेली असोत, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचे अपवाद सोडून बंदी घातली. घटकभागांची आयात मात्र मोकळी ठेवली. त्यामुळे बिलाशिवाय मिळणाऱ्या परदेशी यानात पैसे अडकवण्यापेक्षा मोटर, चकती आणि पाती सुटी घेणे सरळ मार्गाचे ठरते. पुण्याच्या तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर चौकशी करता येते. दुकानात न मिळणारे टपालाने येते.

मात्र काय बांधावे, याबाबत प्रचलित सल्ल्याशी आमचे मतभेद आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्पासाठी सर्रास सुचवला जातो तो ‘एफ ४५०’ जातीचा सांगाडा: कर्णाची लांबी ४५० मिलिमीटर, दहा इंची पाती, वजन किलोच्या आसपास किंवा वर. त्याचे भाग स्वस्त आहेत हे खरे. पण शिकाऊ माणसाच्या खर्चाचा हिशेब पडण्यापासून सुरू करावा लागतो. १,२०० ग्रॅमचे यान आणि ३० ग्रॅमचे यान एकाच उंचीवरून पडले तर पहिल्याच्या आघातात दुसऱ्याच्या चाळीसपट ऊर्जा असते. पहिले पडले की सांगाड्याची भुजा मोडते, पाती तुटतात, कधी बॅटरी फुगते. दहा इंची पाते बोट कापू शकते हे वेगळेच. दुसरे पडले की उचलावे आणि पुन्हा उडवावे. पहिल्या महिन्यात माणूस दिवसातून वीस वेळा पडतो! म्हणून स्वस्त भागांचे मोठे यान हे महाग, आणि त्यामानाने महाग भागांचे लहान यान हे स्वस्त, असे आम्ही म्हणतो.

आम्ही बांधले ते ६५ मिलिमीटरचे, पात्यांभोवती प्लॅस्टिकची कडी असलेले, एका पेशीच्या बॅटरीवर उडणारे यान, आणि तेही कॅमेऱ्याशिवाय. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या यानाला ‘नॅनो’ म्हणतात आणि ते चालवण्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. तरी बाहेर उडवण्यापूर्वी शासनाने प्रसिद्ध केलेला लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांचा नकाशा आणि नोंदणीचे नियम पाहावेतच. आमच्या यानाला मैदानाची गरज पडली नाही. महाविद्यालयाचे सभागृह पुरले.

खर्च आला तो असा. नियंत्रणाची चकती, जिच्यातच मोटरींचे वेगनियामक आणि रेडिओचा ग्राहक बसवलेला असतो, ती सर्वांत महाग, साडेचार हजारांच्या घरात. ब्रश नसलेल्या चार मोटरी तीन हजारांच्या वर. सांगाडा आणि पात्यांचे दोन जादा संच मिळून सहाशे. चार बॅटऱ्या आणि एक बरा चार्जर मिळून अडीच हजार. म्हणजे सुमारे ११,००० रुपये, आणि हे तिघा विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून भरले. हातातला रेडिओ निराळा, साधारण ७,००० रुपयांचा. तो आम्ही तिघा शिक्षकांनी घेतला आणि विभागाच्या कपाटात ठेवला. याने येतील, मोडतील, जातील. रेडिओ राहतो आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनाही चालतो, म्हणून काटकसर करायची ती यानात करावी, रेडिओत आणि चार्जरमध्ये करू नये. एकट्याने हा सारा खर्च उचलू नये, हेही त्यातच आले. रेडिओ संगणकाला जोडून सरावाच्या आभासी यानावर पहिले दहा तास घालवले तर सुट्या भागांचा निम्मा खर्च वाचतो असा आमचा अंदाज आहे. आम्ही स्वतः तो सराव दोनच तास केला आणि त्याची किंमत पात्यांच्या एका संचाने मोजली.

चुका आमच्याकडून ठरलेल्याच झाल्या. पहिल्याच प्रयत्नात यान उचलण्याऐवजी जागीच उलटे झाले. पात्यांच्या दोन जाती असतात, डावी आणि उजवी, आणि आम्ही एक जोडी अदलाबदल करून बसवली होती. मोटरींच्या दिशा पाती न लावताच तपासायच्या असतात हा नियम आम्ही वाचला होता, पाळला नव्हता. बॅटरीची लाल आणि काळी तार उलट जोडून धूर काढण्याचे काम आमच्यापैकी एका भाषाशिक्षकाने केले. सुदैवाने त्या वेळी ती तपासणीसाठी आणलेल्या जुन्या चकतीला जोडलेली होती. लिथियम बॅटरीची शिस्त मात्र आम्ही पहिल्या दिवसापासून पाळली: भरताना प्रत्येक पेशी ४.२ व्होल्टच्या वर नाही, उडवताना ३.३ च्या खाली नाही, ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास, आणि चार्जिंग चालू असताना खोली सोडून जायचे नाही. एका बॅटरीवर तीनचार मिनिटे मिळतात. मागच्या दोन कड्यांवर लाल चिकटपट्टी लावली नाही तर यानाचे तोंड कुठे आहे हे दुसऱ्याच मिनिटाला कळेनासे होते.

‘थ्री इडियट्स’मधला, २००९ सालचा, तो प्रसंग या काळात आम्हाला पुन्हा पुन्हा आठवत होता: अपुऱ्या प्रकल्पाचे यान मित्र दुरुस्त करून उडवतात, ते वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत चढते आणि कॅमेऱ्यात दिसते ते त्याच्या कर्त्याचे लटकलेले शरीर. त्या यानाला कोणी वेळेवर ‘असू दे, पुढच्या सत्रात पुरे कर’ म्हटले नव्हते. आमच्या विद्यार्थ्याने फुटके खेळणे पिशवीतून काढले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी शरम होती ती पाहता, यात पैशांचा प्रश्न सर्वांत लहान होता असे आज वाटते.

शेतांची छायाचित्रे शेवटी भाड्याच्या यानाने निघाली. एका सकाळचे काम होते. कुऱ्हाडीची पट्टी खरोखर कुऱ्हाडीच्या पात्यासारखी निघाली. सुपाचं वावर मात्र सरळ चौकोनी होते, सुपाचा मागमूसही नाही. त्याने ते चित्र शेजारच्या आजींना दाखवले तेव्हा त्या हसल्या. “अरं बाबा, आकाराचं काय घेऊन बसलास! सूपभरच पिकायचं त्यात, म्हणून सुपाचं.” आता तो उरलेली नावे घेऊन पुन्हा घरोघर फिरतो आहे, आणि शनिवारी दुपारी सभागृहात इतर दोघांबरोबर चार बॅटऱ्या संपवतो.