दुबईच्या फेरीआधी पिन आणि दिरहमचा हिशेब

आमचे कापड व्यापारी बंधू मीटरमागे चार आण्यांसाठी अर्धा तास घासाघीस करतात. तो धंद्याचा भागच आहे. पण हेच बंधू दुबईला निघाले की दिरहम विमानतळावर मिळेल त्या भावाने घेतात आणि विजेची पिन कोणती लागते हे तिथे पोहोचल्यावर पाहतात. ही बेफिकिरी सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोठ्या पेढीला हा तोटा जाणवत नाही. उसनवारी करून पहिल्यांदा नमुने घेऊन निघालेल्या जरीकाम कारागिराला मात्र तो स्वतःच्या मजुरीतून भरावा लागतो.

प्रथम विजेचे पाहू. दुबईची वीज आपल्यासारखीच, सुमारे २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची आहे. फरक आहे तो पिनेचा. तिथल्या सॉकेटची तिन्ही छिद्रे चौकोनी असतात आणि वरच्या छिद्रात अर्थिंगची पिन शिरल्यावरच खालच्या दोन छिद्रांचा पडदा उघडतो. त्यात पेन खुपसून दोन पिनांचा चार्जर कोंबणारे महाभाग आहेत. हा जिवाशी खेळ आहे. फ्यूज असलेले दोन अडॅप्टर इथूनच न्यावेत. अडॅप्टर किती अँपिअरचा आहे तेही वाचावे. १,००० वॉटची इस्त्री चार अँपिअरहून थोडे जास्त घेते, २,००० वॉटची जवळजवळ नऊ. मोठी इस्त्री हलक्या अडॅप्टरवर लावली तर तो तापून वितळतो आणि मालाला आग लागण्याची भीती असते. पुढे सौदीला जाणाऱ्यांनी तिथली वीज ६० हर्ट्झची आहे हे ध्यानात ठेवावे. साधी इंडक्शन मोटर तिथे सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त वेगाने फिरते आणि हा फरक अडॅप्टरने जात नाही.

आता पैशाचे. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर बांधलेला आहे. म्हणून डॉलरच्या भावाला ३.६७ ने भागले की दिरहमचा खरा भाव कळतो. समजा डॉलर ९० रुपये असेल, तर दिरहम साडेचोवीसच्या आसपास हवा. कोणी २६ मागितले तर ३,००० दिरहमवर साडेचार हजार रुपये जादा गेले. एवढ्या रकमेसाठी आपण कापडाचा सौदा मोडतो!

चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. ५०,००० रुपयांवरची रक्कम बँकेमार्फत द्यावी लागते. अशा फेरीसाठी रोख परकीय चलन ३,००० डॉलरइतकेच नेता येते, बाकी कार्डावर. ओळखीच्या माणसाकडून बिनपावतीचे चलन स्वस्त मिळाले, तरी नोट खोटी निघाल्यास दाद कुठे मागणार? शिवाय कायदा आहेच. कार्डावर परदेशी व्यवहार निघण्यापूर्वी चालू करून घ्यावा. दुकानातील मशीनने रुपये की दिरहम असे विचारल्यास दिरहमच निवडावे, कारण रुपये निवडले की भाव समोरचा ठरवतो. खाडी ओलांडणाऱ्या होडीसाठी आणि हमालासाठी पाच-दहाच्या सुट्या नोटा खिशात असाव्यात.

नमुन्यांची पेटी आपण आठ दिवस आधी बांधतो. अडॅप्टर, दिरहम आणि पावती यांची जागाही त्याच पेटीच्या यादीत असावी. नफा विक्रीत होतो तसाच वाचवलेल्या पैशातही होतो.