सुपारी

चिंचोटीच्या नाक्यावर, जेथे अहमदाबादच्या हमरस्त्याला भिवंडीचा फाटा फुटतो, तेथून गेल्या वैशाखात एक टेम्पो गावात शिरला. त्यावर पुरुषभर उंचीची स्पीकरांची भिंत रचलेली होती. माझ्या भाचीच्या हळदीचा तो डीजे. सुपारी मीच दिली होती. तेव्हा वाचकहो, पुढील फिर्यादीतला पहिला आरोपी मीच आहे.

हा शब्दही मौजेचा. 'डिस्क जॉकी' म्हणजे तबकड्या वाजविणारा माणूस. आपल्याकडे डीजे म्हणजे ती भिंतच. माणूस टेम्पोच्या कोपऱ्यात कोठेतरी असतो, आणि त्याचे नाव कोणी विचारीत नाही.

हळद लागायची वेळ झाली. आगरी घरातले लग्न, म्हणून धवलारीण बसली होती. तिने धवला उचलला. तिचे ओठ हलताना मी पाहिले. शब्द एकही ऐकू आला नाही. शेजारच्या दोन पोरी काही वेळ कान पुढे करून बसल्या, मग उठून नाचायला गेल्या. त्यांचे काय चुकले?

गोंगाटाविषयी कायदा आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. पण धवला संध्याकाळी सातलाच बुडाला, तर दहाचा नियम त्याला कसा तारणार?

महदंबेने तेराव्या शतकात धवळे रचले. महानुभावांनी ते लिहून जपले, म्हणून आज आपल्या हाती आहेत. चिंचोटीच्या धवलारणीच्या पाठीशी असा पंथ नाही. कोणत्या विधीला कोणता धवला, नवरीच्या घरच्यांची नावे त्यात कोठे गुंफायची, हे तिच्या तोंडून शेजारच्या पोरीच्या कानात जाते. तो कानच आपण बुजविला.

कोणी म्हणेल, म्हातारा जुन्याचे तुणतुणे वाजवितो आहे. मुळीच नाही. बँड आला तेव्हा मीही त्यापुढे नाचलो आहे. पण बँडवाले दमत, पाणी पीत, विडी ओढीत. तेवढ्या फटीत धवला शिरे. यंत्राला तहान लागत नाही.

आणि त्या पोरालाही मी दोष देणार नाही. हप्त्यांवर घेतलेल्या सामानावर त्याचे घर चालते. दुसऱ्या दिवशी मी त्याला खडसावले, "धवलारीण बसली तेव्हा आवाज कमी का केला नाहीस?" तो म्हणाला, "मामा, कोणी सांगितलंच नाही. सुपारी देताना तुम्हीच म्हणालात, आवाज कमी पडता कामा नये." म्हणालो होतो खरा.

धाकट्या भाचीचे लग्न येत्या हंगामात आहे. सुपारी त्याच पोराला देणार. मात्र इसाराबरोबर अट घालणार, की धवलारीण बसली की वायर काढायची, आणि ती उठेपर्यंत पुन्हा लावायची नाही. पोर लगेच कबूल झाला. कबूल नाही ती माझी बहीण. तेवढा वेळ मांडव मुका राहिला तर गाव काय म्हणेल, असे तिचे म्हणणे. गणपतीपासून आमचे बोलणे बंद आहे.