थांबविण्याचा अधिकार कोणाचा?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. या प्रकल्पाच्या वैज्ञानिक मोलाविषयी वाद नाही. परंतु अशा वेधशाळांच्या संगणकव्यवहारात जी एक शिस्त रुजली आहे, ती आपल्या राज्यकारभारानेही अंगी बाणविण्याजोगी आहे.

लायगोच्या अमेरिकेतील वेधशाळांतून येणारी माहिती संगणक अखंड चाळत असतो. एका टप्प्याचे उत्तर हा पुढच्या टप्प्याचा कच्चा माल. अशी कामांची साखळी मानवी आज्ञेची वाट न पाहता आपोआप सुरू होते. लहरीचा संशय येताच काही मिनिटांत जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना सूचना जाते. मग माणसे तपासणी करतात आणि चूक आढळल्यास सूचना जाहीरपणे मागे घेतात. एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या निरीक्षणसत्रात ८० सूचना गेल्या. त्यांपैकी २४ मागे घेण्यात आल्या. त्यामुळे कोणाची अब्रू गेली नाही, विश्वास मात्र वाढला.

यंत्र नको ते स्वीकारते, तसेच हवे ते नाकारतेही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी लिव्हिंग्स्टन येथील नोंद क्षणिक गोंगाटामुळे स्वयंचलित यंत्रणेने बाजूला टाकली होती. माणसांनी ती पाहिली, तेव्हा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाची लहर तेथेही स्पष्ट उमटलेली आढळली.

त्याच वर्षी महाराष्ट्रात अशीच दुसरी साखळी सुरू झाली. २४ जून २०१७ रोजी राज्य शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन आले. ते बँकांच्या माहितीशी ताडून संगणकाने पात्रतेच्या याद्या करावयाच्या होत्या. ऐन दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रे वाटली गेली. पण माहितीचा मेळ बसेना, याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पैसे जमा होणे रखडले. वेधशाळेची सूचना मागे घेता येते. शेतकऱ्याचा हंगाम मागे घेता येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर येथे चुकीची किंमत चूक करणाऱ्यावर न पडता ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यावर पडते.

संगणकामुळे मधला दलाल हटतो, हा युक्तिवाद खोटा नाही. म्हणूनच यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या कर्जमुक्ती योजनेत रक्कम अमान्य असल्यास शेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागण्याची सोय होती. ही सुधारणा योग्य दिशेची होती. मात्र ती एका योजनेपुरती राहू नये.

माणसाच्या पोटाशी संबंधित अशी कोणतीही साखळी सुरू करण्यापूर्वी थोड्या गावांत तिची उघड चाचणी व्हावी, नकाराचे कारण अर्जदारास मराठीत लेखी मिळावे आणि साखळी थांबविण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव चावडीवर लागावे. दूरच्या ताऱ्यांविषयीची चूक ज्या तत्परतेने जाहीर केली जाते, तेवढी तत्परता हळद-सोयाबीन पिकविणाऱ्या हिंगोलीच्या शेतकऱ्यालाही मिळावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.