स्थळ पाहताना

वयाची साठी उलटली आणि गावात 'गुरुजी' ही पदवी कायम झाली, म्हणजे मनुष्यास एक बिनपगारी काम आपोआप चिकटते. ते म्हणजे दुसऱ्यांच्या मुलामुलींसाठी स्थळे पाहणे. उरण, पनवेल, पेण या टापूत आम्ही आजवर पुष्कळ स्थळे पाहिली, पुष्कळ पोहे खाल्ले आणि थोडेबहुत शिव्याशापही घेतले. परंतु २०२५ च्या वैशाखात जे स्थळ पाहण्याचा योग आला ते संकेतस्थळ होते. आणि तेथे पोहे तर नाहीतच, उलट आत पाऊल टाकण्यापूर्वी पाचशे रुपये पुढे ठेवावे लागले.

प्रसंग असा घडला. एके दिवशी दुपारी गावातील एक वृद्ध बाई आमच्या ओटीवर येऊन बसल्या. त्यांचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. आज चाळिशी ओलांडलेला, बंदरावर दोन ट्रेलर चालविणारा, मुलाबाळांचा धनी. बाई म्हणाल्या, "गुरुजी, पोरगा रात्र रात्र फोनवर आकडे खोडत बसतो. गणित त्याला तुम्ही शिकवलंत; आता तुम्हीच बघा." यावर आम्ही काय बोलणार?

जासईची हकीकत ज्यांस ठाऊक आहे त्यांस या आकड्यांमागील पैसा कोठला हे सांगणे न लगे. १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी जासई आणि नवघरच्या परिसरात जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला व पाच जण प्राणांस मुकले. लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे याच गावचे. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून आले. पुढे त्या भूखंडांचे पैसे झाले, पैशांच्या गाड्या व घरे झाली, आणि उरलेल्यातील काही भाग आता अंगठ्याच्या एका दाबासरशी कोठे जातो याचा पत्ता लागत नाही. म्हणून ही बाब आम्हास केवळ करमणुकीची वाटली नाही.

विद्यार्थी संध्याकाळी आला. त्याने लपवाछपवी केली नाही. म्हणाला, "गुरुजी, मी हरतो ते माझ्या नशिबाने की त्यांच्या लबाडीने, एवढंच मला सांगा." प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर बाहेरून देता येण्याजोगे नव्हते. म्हणून घरात सर्वांस सांगून, पेन्शनमधील पाचशे रुपये बाजूस काढून, शंभर पानी वही घेऊन आम्ही स्वतः खेळावयास बसलो. नातवाने फोनवर सर्व मांडून दिले. सौभाग्यवतींनी मत दिले नाही. त्या जेव्हा मत देत नाहीत तेव्हा ते काय असते हे आम्हास पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवाने कळते.

खेळ मात्र ओळखीचाच निघाला. विलायतेत ज्यास बिंगो म्हणतात तोच आपला हाउसी अथवा तांबोला. मूळ इटलीतील सोडतीचा. गोऱ्या पलटणींनी तो जगभर नेला. तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने, पंधरा आकडे. एक ते नव्वदपर्यंतचे आकडे पुकारावयाचे आणि आपले निघतील ते खोडावयाचे. आमच्या घरी कोजागिरीस हा खेळ वर्षानुवर्षे होत आला आहे. तिकीट दोन रुपये, खुणेसाठी चिंचोके, पुकारणारे आमचे धाकटे बंधू. पहिल्या पाचांस बक्षीस, ओळीस बक्षीस, भरल्या घरास मोठे बक्षीस. ऐंशी रुपये जमले तर ऐंशीच्या ऐंशी त्याच चटईवर वाटले जातात, आणि दूध आटविण्याचा खर्च आमच्या मातोश्री असताना त्यांच्या बटव्यातून होत असे.

फोनवरील स्थळी पहिला फरक दिसला तो असा की खेळणाऱ्यास काहीच करावे लागत नाही. आकडा निघाला की यंत्र आपले आपणच खोडते. दोन सेकंदांस एक आकडा. साठ-सत्तर आकड्यांत डाव आटोपतो, की लगेच पुढच्या डावाची घंटा. घरी अर्धा तास चालणारा खेळ येथे तीन-चार मिनिटांत संपतो. तासाला पंधरा डाव पडतात. दुसरा फरक मनाच्या ठिकाणी. चार तिकिटे घेतली की कोणत्या तरी एकावर 'दोनच आकडे उरले' असे वारंवार दिसते, आणि छाती धडधडते. वस्तुतः एकट्या तिकिटाचे पंधराही आकडे पुरे होण्यास सरासरीने किती आकडे पुकारावे लागतील? पंधरास एक्याण्णवांनी गुणून सोळांनी भागावे. उत्तर सव्वापंच्याऐंशीच्या किंचित वर. म्हणजे नव्वदांपैकी जवळजवळ सर्वच! दोनशे तिकिटांत मात्र कोणा एकाचे घर पासष्टीच्या सुमारास भरते. तो एक कोण, हे ठरविण्यात आपल्या बुद्धीचा, सावधपणाचा वा अनुभवाचा कसलाही संबंध नाही. पत्त्यांतील रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हाउसीच्या बाजूने तसे म्हणण्यास जागाच नाही.

आता लबाडीचा प्रश्न. आकडे खरोखर आंधळेपणाने निघतात की नाही हे आमच्या वहीवरून सिद्ध होणे शक्य नव्हते. त्यास हजारो डाव पाहावे लागतील. परंतु एक गोष्ट त्या स्थळाने स्वतःच उघड मांडली होती. प्रत्येक डावाच्या माथ्यावर विकली गेलेली तिकिटे आणि बक्षिसांची रक्कम दिसे. दहा रुपयांची दोनशे तिकिटे, म्हणजे दोन हजार, बक्षिसे चौदाशे. आम्ही वीस-पंचवीस डाव ताडून पाहिले, प्रमाण तेच. दहा रुपये देऊन आपण सात रुपयांची वस्तू घेतो. जिंकलेले पुन्हा लावीत गेले तर शंभराचे सत्तर, सत्तराचे एकोणपन्नास, असे करीत सातव्या फेरीअखेर सरासरीने सव्वाआठ रुपये हाती राहतात. यास लबाडीची गरजच काय? आकडे गंगाजळासारखे शुद्ध असले तरी हेच होणार.

कौटिल्य हा काही मवाळ मनाचा गृहस्थ नव्हता. अर्थशास्त्रात त्याने जुगार सरकारी देखरेखीखाली एके ठिकाणी आणला, फासे अध्यक्षाने पुरवावे असे ठरविले, बदललेले फासे वापरणाऱ्यास दंड सांगितला, आणि जिंकलेल्या द्रव्यावर सरकारचा भाग ठेवला तो शेकडा पाच. फाशांचे, पाण्याचे व जागेचे भाडे वेगळे. तीस टक्के मागण्याचे धाडस त्यासही झाले नाही.

स्थळ पाहताना आम्ही नेहमी दोन गोष्टी अगोदर विचारतो: घर कोठे, आणि देण्याघेण्याचे काय. या स्थळाचा पत्ता एका परदेशी बेटावरील टपालपेटीचा निघाला. विलायतेत २००५ च्या कायद्याप्रमाणे अशा व्यवसायास सरकारी परवाना लागतो, आणि परवानाधारकांची नोंदवही कोणासही पाहता येते. येथे परवान्याचे चित्र होते, त्यावर क्रमांक नव्हता. देण्याघेण्यात मात्र यजमान फार उदार. पाचशे भरा, पाचशे आमच्याकडून भेट! खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अट: भेटीच्या दहापट रकमेचा खेळ झाल्यावाचून काही काढता येणार नाही. पाच हजारांचा खेळ, त्यावर शेकडा तीस प्रमाणे सरासरी तोटा पंधराशे. पाचशेच्या आहेरासाठी पंधराशेचा मानपान करणारा वरपिता आम्ही अद्याप पाहिलेला नाही. भेट आम्ही नाकारली. पण अट वाचली ती मास्तरकीच्या खोडीने. चष्मा घरात विसरला असता तर आम्हीही ती घेतली असती.

पहिल्या रात्री आम्ही जिंकलो. पाचशेचे सहाशे चाळीस झाले. (सौभाग्यवतींस ही बातमी आम्ही जरा मोठ्याने सांगितली.) खरी परीक्षा पैसे बाहेर येतात की नाही याची, म्हणून लागलीच तीनशे रुपये काढण्याची मागणी केली. पैसे घेताना दहा सेकंद लागले होते. देताना पॅन, आधार, बँकेच्या पासबुकाचे छायाचित्र, आणि नंतर 'बहात्तर तास थांबा.' त्या बहात्तर तासांत तीनशे रुपये पडद्यावर आपल्या डोळ्यांदेखत दिसत राहतात, आणि शेजारी एक हिरवे बटण: 'मागणी मागे घ्या व खेळत राहा.'

येथे आम्हास एक कबुली देणे प्राप्त आहे. तिसऱ्या रात्री पाऊण वाजता आम्ही ते बटण दाबले. कोणी आग्रह केला नव्हता. हाती वही होती, वहीत तीस टक्क्यांचा हिशेब आमच्याच अक्षरात लिहिलेला होता, आणि एका तिकिटावर दोनच आकडे उरून डाव गेला होता. चाळीस वर्षे मुलांस 'हिशेब करा मग बोला' असे सांगणाऱ्या मनुष्याचा अंगठा हिशेब पुरा झाल्यावर हलला. चौथ्या रात्रीअखेर वही अशी: डाव अठ्ठावन्न, दरेक डावास दोन तिकिटे, लावलेले अकराशे साठ, जिंकलेले सातशे सत्तर, शिल्लक एकशे दहा. तीनशेच्या आत काढता येत नाही हा नियम तेव्हा नजरेस पडला. ते एकशे दहा अद्याप त्या बेटावर आहेत.

विद्यार्थ्यास आम्ही हे सर्व सांगितले, हिरव्या बटणासह. तो बटणापर्यंत ऐकत होता तो इतर काही ऐकत नसावा, पण तेथे त्याने मान वर केली. मग त्यास महाभारताच्या वनपर्वातील नलाची गोष्ट सांगितली. द्यूतात राज्य घालविलेला नल सारथी होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ आपल्या विदर्भाकडे हाकीत असताना वाटेत राजाने एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे पाहता पाहता मोजून सांगितली. फासे तेव्हा बेहड्याच्याच फळांचे असत. नल रथ थांबवून पडताळा पाहतो, मोजण्याची ती विद्या मागून घेतो, आणि तत्क्षणी त्याच्या अंगातील कलि बाहेर पडतो. "मग त्यानं राज्य परत जिंकलंच ना?" विद्यार्थी म्हणाला. जिंकले; पण त्याच्या फाशांत मोजणाऱ्यास वाव होता. हाउसीत मोजण्याचा उपयोग एकच, उठावे केव्हा हे कळण्यासाठी. ते ज्ञान वहीत असून पुरत नाही, हेही आम्ही त्यास सांगितले.

त्याच वर्षी ऑगस्टात संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद त्यात ठेवलेला नाही. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाख. खेळणाऱ्यास शिक्षा नाही, आणि हे आम्हास योग्य वाटते. आपल्याकडे जुगारास बंदी करणारा मुंबईचा कायदा १८८७ पासूनचा आहे, आणि त्याच्या नाकावर टिच्चून १९६० च्या दशकापासून मटका चालला, हे जुन्या लोकांच्या स्मरणात असेल. बेटावरील यजमानांनीही नवे नाव धारण करून आम्हास दोनदा निरोप पाठविला आहे. ज्यांस पैसे काढताना उघड फसवणूक झाल्याचे दिसेल त्यांनी १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. लाजून बसण्यात दिवस गेले तर मागमूस राहत नाही.

विद्यार्थी पुढे आठवड्याने आला. म्हणाला, "गुरुजी, तुमची वही द्या. माझ्या बँकेच्या नोंदी पाहून मीही उतरवून काढतो." त्याची आई ओटीच्या पायरीवर उभी होती. आम्ही वही दिली; आमची चार पाने झाली होती, शहाण्णव कोरी होती. दोन संध्याकाळी तो आमच्याच पडवीत बसून लिहीत राहिला. बेरीज त्याने दाखविली नाही, आम्ही विचारली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने दुकानातून आणखी एक वही आणली.